परमुलखात पैसे बदलताना : थोडी पोर्तुगीज, थोडा धीर



गेल्या पंधरवड्यात आमच्याकडे वरणगावच्याच एका भगिनीचे पत्र आले. त्यांची मुलगी पुढच्या शिक्षणासाठी पोर्तुगालला, पोर्तो शहरात निघाली आहे. घरात पासपोर्ट पहिल्यांदाच आलेला. पत्रात आनंद आहेच, पण शेवटी एक काळजी आहे. त्या लिहितात, "पोरीने आजवर भुसावळच्या पलीकडे एकटीने पैशाचा व्यवहार केलेला नाही. तिकडे आपला रुपया चालत नाही म्हणतात. पैसे बदलून देणाऱ्याने फसवले तर ती कोणाला विचारणार? मला तर त्या भाषेचा एक शब्दही येत नाही, मी तिला काय शिकवू?"

ताई, तुमच्या पत्राला खासगी उत्तर धाडता आले असते. पण आज आपल्या समाजातली बरीच मुले-मुली परदेशी निघाली आहेत आणि हीच काळजी घरोघरी आहे. म्हणून या वेळचे सदर तुमच्या पत्रासाठीच राखून ठेवले.

पहिली गोष्ट ही की, त्या भाषेचा एकही शब्द येत नाही हे तुमचे म्हणणे आम्हाला मान्य नाही. तुमच्या घरात महिन्याला पगार येतो ना? हा 'पगार' पोर्तुगीजच आहे. त्या भाषेत 'पगार' म्हणजे पैसे देणे, चुकते करणे. कपाटाची चावी, स्वयंपाकघरातला बटाटा आणि कोबी, चहाबरोबरचा पाव, बांधकामावरचे घमेले, काजू, हापूस, डिसेंबरातला नाताळ, बाजार समितीतला लिलाव हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आले. एवढेच काय, आपल्या वरणगावचे नाव देशभर ज्या वस्तूमुळे झाले ते 'काडतूस'सुद्धा त्यांच्या 'कार्तुशु' या शब्दावरून आले. इथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत हजारो हातांनी काडतुसे केली आणि तो शब्द रोज उच्चारला, पण तो कुठला हे विचारायची कधी गरज पडली नाही. पोर्तुगीज खानदेशात राज्य करायला आले नव्हते. ते वसई, चौल, गोवा अशा किनारपट्टीवर होते. वसई त्यांच्याकडे १५३४ पासून १७३९ पर्यंत होती. तिथून त्यांचे शब्द बाजाराच्या वाटेने घाट चढून आपल्या घरात आले. तेव्हा मुलीला सांगा, ही भाषा अगदी परकी नाही, दूरची ओळख आहे.

आता एक आपबीती सांगतो, कारण त्यातून आम्ही जे शिकलो तेच या लेखाचे सार आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही वरणगाव-भुसावळकडचे चौदा जण धम्मयात्रेला निघालो होतो. भुसावळहून गोरखपूर, तिथून सोनौलीची सीमा आणि पुढे नेपाळमध्ये लुंबिनी. सीमेजवळ एक जण टेबल मांडून नोटा बदलून देत होता. भारतीय रुपयाला नेपाळी एक रुपया साठ पैसे हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. तो आम्हाला माहीत होता. म्हणजे २००० रुपयांचे ३२०० नेपाळी मिळायला हवे. त्याने ३००० हातात ठेवले आणि पुढच्या माणसाकडे वळला. आम्ही सगळे शिकलेले, दोघे तर नोकरीतून निवृत्त झालेले. तरी कोणी तोंड उघडले नाही. मागे गर्दी होती, तो घाईत होता, आणि मनात तीच जुनी भीती होती की आपण विचारले तर हा चारचौघांत काही बोलेल. थोडे पुढे गेल्यावर आमच्यातल्या एक वयस्कर मावशी म्हणाल्या, "तुम्ही एवढे शिकलेले ना? मग एकाने तरी विचारायचं, की बाबा दोनशे कमी का?"

दोनशे नेपाळी म्हणजे आपले सव्वाशे रुपये. चौदा जणांत ती रक्कम काहीच नव्हती. पण मावशींचा प्रश्न आम्हाला लुंबिनीपर्यंत टोचत राहिला. आपल्या वाडवडिलांना सावकाराच्या ओट्यासमोर खाली उभे राहून, तो सांगेल त्या आकड्यावर अंगठा उठवावा लागला. हिशेब विचारणे हा तेव्हा उद्धटपणा ठरत असे. अंगठ्याच्या जागी सही आली, पण खिडकीसमोर उभे राहिले की जीभ अडखळते ती अजून सुटलेली नाही. मग परक्या देशात, परक्या भाषेत आपल्या लेकीची जीभ कशी सुटणार? तर आधीच शिकून, घरीच सराव करून.

आधी व्यवहार समजून घ्या

पोर्तुगालमध्ये युरो चालतो. पूर्वी तिथे एस्कुदो होते, ते जाऊन १ जानेवारी २००२ पासून युरोच्या नोटा-नाणी हातात आली. आपला रुपया तिथे बदलून मिळेल या भरवशावर जाऊ नये. मुंबईहून निघण्यापूर्वीच अधिकृत बँकेतून किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या चलन-विक्रेत्याकडून थोडे युरो घ्यावेत आणि त्याची पावती जपून ठेवावी. बाकीची रक्कम कार्डावर किंवा बँकेमार्फत न्यावी. ओळखीचा कोणी 'चांगला भाव देतो' म्हणून बाहेरच्या बाहेर घेऊ नये.

तरीही तिकडे पैसे बदलायची वेळ येऊ शकते. समजा आखातात काम करणाऱ्या मामाने निरोपाच्या वेळी हातात डॉलर ठेवले. पैसे बदलण्याच्या दुकानाला तिथे 'काझा द कांबियु' म्हणतात. दुकानात फलक असतो आणि त्यावर प्रत्येक चलनापुढे दोन आकडे असतात. एकावर 'कोंप्रा' म्हणजे खरेदी, दुसऱ्यावर 'व्हेंदा' म्हणजे विक्री असे लिहिलेले असते. इथे नवखा माणूस गोंधळतो. हे दोन्ही शब्द दुकानदाराच्या बाजूने आहेत. आपण डॉलर देतो तेव्हा तो डॉलर खरेदी करतो, म्हणून आपण 'कोंप्रा'चा आकडा पाहायचा. आपल्याकडे कापसाचा व्यापारी शेतकऱ्याकडून एका भावाने घेतो आणि पुढे चढ्या भावाने विकतो, मधले अंतर त्याची कमाई. पैशाचेही तसेच आहे. अंतर जितके मोठे तितके आपले नुकसान मोठे.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे 'कमिशन नाही' ही पाटी. उदाहरणापुरते आकडे घेऊ. एक दुकान डॉलरला ९० सेंट देते आणि वर ५ युरो कमिशन कापते. शेजारचे दुकान कमिशन घेत नाही, पण डॉलरला ८५ सेंटच देते. आपण ३०० डॉलर बदलले तर पहिल्याकडे २७० युरोतून ५ वजा जाऊन २६५ मिळतील, दुसऱ्याकडे २५५. म्हणजे कमिशन न घेणाऱ्यानेच १० युरो जास्त घेतले. म्हणून दर आणि कमिशन विचारून थांबू नये. 'हातात एकूण किती येणार?' हा प्रश्न सर्वांत मोलाचा. उत्तर कागदावर लिहून घ्यावे आणि ते पटल्यावरच आपल्या नोटा खिडकीतून आत सरकवाव्या.

आकडा वाचतानाही सावध राहावे. आपण १,२५०.५० असे लिहितो. तिकडे तोच आकडा १.२५०,५० असा लिहितात. म्हणजे हजारानंतर टिंब आणि सेंटाआधी स्वल्पविराम. ही खूण लक्षात नसेल तर सव्वादोन युरोच्या '२,२५' आकड्याने माणूस दचकेल आणि बाराशेच्या आकड्याला सव्वा समजून बसेल.

काउंटरवरची वाक्ये

खालचे उच्चार पोर्तुगालच्या धर्तीचे आहेत. ब्राझीलमध्ये तीच भाषा थोडी वेगळी, अधिक मोकळी बोलतात, पण ही वाक्ये तिथेही समजतील. उच्चार देवनागरीत शंभर टक्के उतरत नाहीत, तरी काम भागते.

सकाळी गेल्यास आधी नमस्कार करावा : बों दीआ. दुपारनंतर : बोआ तार्द. तिकडे दुकानात शिरल्यावर नमस्कार न करता कामाचे बोलणे कोरडे वाटते.

पैसे कुठे बदलता येतील? : ओंद पोसु त्रुकार दिन्येइरु? यात 'दिन्येइरु' म्हणजे पैसे आणि 'त्रुकार' म्हणजे बदलणे.

आज दर काय आहे? : क्वाल ए आ ताशा द कांबियु ओझ?

कमिशन घेता का? : कोब्रांव कुमिसांव?

मला एकूण किती मिळतील? : क्वांतु रसेबु नु तुताल?

कृपया लिहून द्याल का? : पोद इश्क्रव्हेर, पुर फाव्होर? 'पुर फाव्होर' म्हणजे कृपया. कोणत्याही वाक्याच्या शेवटी लावावे.

लहान नोटा द्याव्यात : करीया नोताश पकेनाश, पुर फाव्होर. मोठ्या नोटेला लहान दुकानदार कुरकुरतो, तिथेही आणि इथेही.

पावती द्या : उ रसीबु, पुर फाव्होर. आपली 'रसीद' फारसीतून आली आहे, तिचे याच्याशी नाते नाही. पण आठवायला सोपे जावे म्हणून खुशाल जोडून घ्यावे.

माफ करा, वीस युरो कमी आहेत : दश्कुल्प, फाल्तांव व्हींत एउरुश. सोनौलीला आमच्याजवळ हेच वाक्य नव्हते. खरे तर वाक्य मराठी-हिंदीत होते, धीर नव्हता.

मला समजले नाही : नांव पर्सेबु. ब्राझीलमध्ये त्याऐवजी नांव एन्तेन्दु म्हणावे.

जरा हळू बोला : फाल मायिश दव्हगार, पुर फाव्होर.

नको, धन्यवाद : मुलीने नांव, ओब्रिगादा म्हणावे, मुलाने नांव, ओब्रिगादु. आभाराचा हा शब्द बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलतो. दर पटला नाही तर एवढेच बोलून बाहेर पडावे. दर विचारला म्हणजे व्यवहार करायलाच हवा असे बंधन नाही.

दुकानात काही घेतले तर : क्वांतु कुश्ता? म्हणजे किंमत काय? आणि पैसे द्यायचे असतील तर : केरु पगार. मला पैसे द्यायचे आहेत. हे वाक्य तरी विसरायचे कारण नाही.

आकडे

आकडे ऐकता आले नाहीत तर वर शिकलेले प्रश्न वाया जातात. एक ते दहा असे : उं, दोइश, त्रेश, क्वात्रु, सींकु, सेइश, सेत, ओइतु, नोव्ह, देश. नीट ऐका. दोन-दोइश, तीन-त्रेश, सात-सेत, नऊ-नोव्ह. हा योगायोग नाही. आपली मराठी-पाली आणि युरोपातल्या बहुतेक भाषा फार जुन्या काळी एकाच मुळातून निघाल्या, त्याच्या या खुणा आहेत. दहासाठीचा 'देश' पालीतल्या 'दस'शी ताडून पाहा. रोज वंदनेत पाली म्हणणाऱ्या मुलीला हे आकडे जड जाऊ नयेत. वीस म्हणजे व्हींत, पन्नास म्हणजे सिंक्वेन्ता, शंभर म्हणजे सेंय, हजार म्हणजे मिल.

थोडे सावधपणाचे

पैसे खिडकीसमोरच मोजावेत. मोजण्यात अविश्वास नाही, अपमानही नाही. समोरचा कारकूनसुद्धा आपल्या नोटा मोजूनच घेतो. मोजून होईपर्यंत खिडकी सोडू नये आणि मागचा घाई करू लागला तरी हलू नये.

विमानतळावरची पैसे बदलण्याची दुकाने सहसा महाग असतात. तिथे बसभाड्यापुरते बदलावे, बाकीचे शहरात. रस्त्यात कोणी जवळ येऊन जास्त भाव सांगितला तर 'नांव, ओब्रिगादा' म्हणून चालू लागावे.

पैसे काढण्याच्या यंत्रांना पोर्तुगालमध्ये 'मुल्तिबांकु' म्हणतात. परदेशी कार्ड घातले की काही यंत्रे विचारतात, हिशेब रुपयांत करू की युरोत? रुपया दिसला की माणसाला आपलेपणा वाटतो आणि तो रुपयाचे बटण दाबतो. तिथेच नुकसान होते, कारण मग दर यंत्रवाला ठरवतो आणि तो बहुधा वाईट असतो. नेहमी युरोच निवडावा.

सगळे पैसे एका ठिकाणी ठेवू नयेत. तथागतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग आपल्या उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून. प्रवासातही हीच शिकवण कामाची आहे. रोजच्या खर्चाचे जवळ, शिक्षणाचे बँकेत आणि अडचणीचे वेगळ्या जागी, ज्याला हात लावायचा नाही.

पावतीबद्दल पुन्हा सांगतो, कारण आपल्याकडे ती घडी करून फेकण्याची सवय आहे. गोव्यातली एक घटना ऐका. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होण्यापूर्वी तिथल्या पोर्तुगीज बँकेने, बांको नासिओनाल उल्त्रामारिनोने, लोकांचे गहाण ठेवलेले दागिने लिस्बनला हलवले. साध्या माणसांचे सोने समुद्रापलीकडे गेले आणि ते भारतात परत यायला १९९१ साल उजाडले. तीस वर्षे! असे काही घडते तेव्हा गरिबाच्या बाजूने बोलायला त्याच्या हातातला कागद तेवढा असतो. म्हणून कितीही लहान रकमेची असो, पावती घ्यावी आणि वहीत चिकटवून ठेवावी.

आणि शेवटी

ताई, ज्यांच्यामुळे तुमची मुलगी शिकली त्या परमपूज्य बाबासाहेबांची आठवण काढल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. १९१३ साली ते अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती होती महिन्याला साडेअकरा पौंड. तेव्हा पौंडाला १५ रुपये पडत, म्हणजे सुमारे १७२ रुपये. शिष्यवृत्ती पौंडांत आणि खर्च डॉलरांत. एका चलनाचे दुसऱ्यात किती होतात हा प्रश्न त्यांच्यापुढे पुस्तकाआधी पोटापाण्यातून आला असणार. पुढे लंडनला राहून त्यांनी याच रुपयावर प्रबंध लिहिला, तो १९२३ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या नावाने प्रसिद्ध झाला. रुपयाचा बाहेरचा भाव घसरला की व्यापाऱ्याला नफा दिसतो, पण त्याच वेळी महागाई वाढते, मजुरी मात्र तेवढी वाढत नाही. म्हणजे तो नफा मजुराच्या ताटातून उचललेला असतो, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी चलनाच्या प्रश्नावर आपली साक्ष नोंदवली. ज्या समाजाला सावकाराच्या ओट्यावर चढू दिले जात नव्हते, त्या समाजाच्या मुलाने साम्राज्याच्या तिजोरीला हिशेब विचारला.

त्यांची लेकरे म्हणवणाऱ्या आपण वीस युरोचा हिशेब विचारायला का लाजावे?

तेव्हा ताई, असे करा. मुलगी जायला अजून काही दिवस आहेत. रोज रात्री जेवणे झाली की घरातच काउंटर मांडा. तुम्ही पाटाच्या पलीकडे बसा, कारकून व्हा. मुलीने समोर उभे राहून विचारावे, 'क्वाल ए आ ताशा द कांबियु ओझ?' तुम्ही मुद्दाम दोन नोटा कमी द्या. तिने मोजून, तुमच्या डोळ्यांत पाहून, शांतपणे म्हणावे, 'दश्कुल्प, फाल्तांव व्हींत एउरुश.' पहिल्या दिवशी दोघी हसाल. आठव्या दिवशी तिच्या आवाजातला कंप गेलेला असेल. तुम्हाला त्या भाषेचे काही येत नाही असे तुम्ही लिहिले होते. आठवड्याभरात निदान एवढे तरी येईल, आणि मुलगी तिकडून फोनवर 'केरु पगार' म्हणाली तर तुम्हाला अर्थ विचारावा लागणार नाही.

ज्या घरांत कोणी परदेशी निघालेले नाही त्यांनीही हा खेळ मराठीत खेळावा. बँकेची खिडकी, रेशनचे दुकान, दवाखान्याचे बिल. दर काय, कापले किती, हातात किती, पावती कुठे? हे चार प्रश्न ज्या मुलाला न अडखळता विचारता येतात, त्याला वरणगावात काय आणि पोर्तोत काय, कोणी सहज फसवू शकणार नाही.

आयुष्मतीच्या प्रवासाला आमच्या मंगल कामना.

नमो बुद्धाय, जयभीम!